दहावीचे गणित : विवेचक नेमके काय सांगतो?



अभ्यासिकेत बसणाऱ्या दहावीच्या मुलामुलींच्या वह्या चाळताना एक गोष्ट आमच्या नजरेस वारंवार येते. वर्गसमीकरणाचे उदाहरण सुरू होते. मुलगा सूत्र बरोबर लिहितो, आकडे भरतो, आणि वर्गमुळाच्या चिन्हाखाली उणे संख्या आली की पेन थांबते. मग खोडाखोड. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तीच उणे संख्या. तिसऱ्या खेपेस वही मिटते आणि "मला गणित येतच नाही" हे वाक्य घरात ऐकू येते. गंमत अशी, की पुष्कळदा त्या मुलाने एकही चूक केलेली नसते. त्याचे उत्तर बरोबरच आलेले असते, पण ते उत्तर आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

हा प्रश्न मार्कांपुरता नाही. आयटीआय असो, पॉलिटेक्निक असो, अकरावी विज्ञान असो की नोकरीची स्पर्धा परीक्षा असो, वाटेत गणित उभे असते. ज्यांच्या घरी क्लासची फी भरण्याची ऐपत नाही, त्यांच्या मुलांनी "येत नाही" म्हणून गणित सोडले, तर पुढचे किती दरवाजे बंद होतात याचा हिशेब पालकांनीच करावा. म्हणून या खेपेस आम्ही 'विवेचक' या एकाच गोष्टीविषयी लिहीत आहोत. आईवडिलांनी घाबरू नये. जुन्या कॅलेंडरचा पाठकोरा कागद आणि पेन्सिल घ्यावी, मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवावे आणि आमच्याबरोबर एकेक ओळ करीत जावे.

वीस मीटर तार

समजा, वस्तीतील अभ्यासिकेच्या मागे थोडी मोकळी जागा आहे. तेथे फुलझाडांसाठी आयताकृती वाफा करून चोहोबाजूंनी कुंपण घालायचे आहे. हाताशी तार आहे २० मीटर. चारही बाजू मिळून २० मीटर, म्हणजे लांबी आणि रुंदी मिळून १० मीटर. एवढे कोणालाही तोंडी सांगता येईल.

आता वेगवेगळे वाफे करून पाहू. लांबी ९ आणि रुंदी १ घेतली तर क्षेत्रफळ ९ चौरस मीटर. ८ आणि २ घेतले तर १६. ७ आणि ३ घेतले तर २१. ६ आणि ४ घेतले तर २४. ५ आणि ५ घेतले तर २५. पुढे ४ आणि ६ घेतले की पुन्हा २४, म्हणजे आपण परत फिरलो. तार तेवढीच आहे, पण जागा ९ पासून वाढत वाढत २५ पर्यंत आली आणि तेथेच थांबली.

समितीतला एकजण म्हणतो, "आपल्याला २६ चौरस मीटरचा वाफा हवा." दुसरा म्हणतो, "होईल की, नीट मोजून बसवा." वाद रात्रभर चालू शकतो. खरे कोणाचे?

हेच समीकरणात मांडू. एक बाजू क्ष, तर दुसरी १० − क्ष. क्षेत्रफळ २४ हवे असेल तर

क्ष × (१० − क्ष) = २४, म्हणजेच क्ष² − १०क्ष + २४ = ०.

हे झाले वर्गसमीकरण. यात क्ष चा वर्ग आहे म्हणून वर्गसमीकरण. क्ष च्या ज्या किमतीने हे समीकरण खरे ठरते, तिला त्याचे 'मूळ' म्हणतात. येथे ४ आणि ६ ही दोन मुळे आहेत.

मधोमध उभे राहून पाहा

दोन बाजू मिळून १०, म्हणजे दोघींची सरासरी ५. एक बाजू पाचापेक्षा जितकी मोठी, तितकीच दुसरी पाचापेक्षा लहान. हा फरक 'त' मानू. मग बाजू झाल्या ५ + त आणि ५ − त. त्यांचा गुणाकार येतो २५ − त².

या छोट्या ओळीत सगळे रहस्य आहे. क्षेत्रफळ म्हणजे पंचवीसमधून त चा वर्ग वजा. क्षेत्रफळ २४ हवे तर त² = १, म्हणून त = १, बाजू ६ आणि ४. क्षेत्रफळ २५ हवे तर त² = ०, फरकच नाही, दोन्ही बाजू ५. आणि २६ हवे असेल तर? त² = −१ यायला हवा. पण कोणत्याही संख्येला त्याच संख्येने गुणले तर उत्तर कधी उणे येते का? ३ × ३ = ९. (−३) × (−३) सुद्धा ९. शून्याचा वर्ग शून्य. उणे वर्ग कोठून आणणार? म्हणून २० मीटर तारेत २६ चौरस मीटरचा आयत बसत नाही. कितीही नीट मोजा, बसणार नाही. वाद मिटला.

विवेचकाचे सूत्र

कोणतेही वर्गसमीकरण अ क्ष² + ब क्ष + क = ० या रूपात लिहिता येते. शाळेच्या पुस्तकात इंग्रजी अक्षरे असतात, आम्ही येथे अ, ब, क वापरतो. अ म्हणजे क्ष² च्या मागची संख्या, ती शून्य नसते. ब म्हणजे क्ष च्या मागची संख्या आणि क म्हणजे एकटी राहिलेली संख्या. या तिघांवरून काढायची संख्या म्हणजे विवेचक:

विवेचक = ब² − ४ × अ × क

आपल्या वाफ्याचे तिन्ही प्रकार यात घालून पाहू. तिन्ही ठिकाणी अ = १, ब = −१०.

क्षेत्रफळ २४: १०० − ९६ = ४. धन संख्या. दोन वेगळी मुळे, ४ आणि ६.
क्षेत्रफळ २५: १०० − १०० = ०. दोन्ही मुळे समान, ५ आणि ५.
क्षेत्रफळ २६: १०० − १०४ = −४. उणे. वास्तव मूळ नाही.

हाच तो नियम. विवेचक शून्यापेक्षा मोठा, तर मुळे वास्तव आणि असमान. विवेचक शून्य, तर मुळे वास्तव आणि समान. विवेचक शून्यापेक्षा लहान, तर वास्तव मुळे नाहीत. मुले हा नियम पाढ्यासारखा पाठ करतात, पण वाफा एकदा डोळ्यांसमोर आला की पाठ करण्याची गरज उरत नाही.

आणखी एक गोष्ट पाहा. २४ च्या उदाहरणात मुळे ४ आणि ६, त्यांच्यातले अंतर २, अंतराचा वर्ग ४, आणि विवेचकही ४. क्षेत्रफळ २१ घेतले तर मुळे ३ आणि ७, अंतर ४, वर्ग १६. विवेचक १०० − ८४ = १६. हा योगायोग नव्हे. अ = १ असेल तेव्हा विवेचक म्हणजे दोन मुळांमधल्या अंतराचा वर्गच असतो. (अ दुसरी संख्या असेल तर त्या वर्गाला आणखी अ² ने गुणायचे.) अंतर शून्य असेल तर मुळे एकमेकांवर येऊन बसतात. अंतराचा वर्ग उणे यायला लागला, तर असे अंतर वास्तव संख्यांत असूच शकत नाही.

सूत्र आले कोठून?

सूत्र आकाशातून पडत नाही. अ क्ष² + ब क्ष + क = ० या समीकरणाला दोन्ही बाजूंनी ४अ ने गुणा, ४ × अ × क उजवीकडे न्या आणि दोन्ही बाजूंत ब² मिळवा. डावीकडे पूर्ण वर्ग तयार होतो:

(२ × अ × क्ष + ब)² = ब² − ४ × अ × क

उजवीकडे कोण उभा आहे ते ओळखलेत? आपला विवेचकच. डावीकडे वर्ग आहे, तो उणे होऊ शकत नाही. म्हणून उजवी बाजू उणे असेल तर समीकरण वास्तव संख्यांत जुळणार नाही. उणे नसेल तर वर्गमूळ काढा, ब वजा करा, २अ ने भागा, की पुस्तकातले सूत्र हाती आले. वर्गमूळ धन आणि उणे असे दोन्ही घ्यायचे असते, म्हणून मुळे दोन. कोणत्याही मुलाने ही कृती दोन वेळा स्वतःच्या हाताने केली, तर परीक्षेत सूत्र विसरले तरी ते पुन्हा उभे करता येईल.

४अ ने गुणण्याची ही युक्ती आपल्या देशातली आणि फार जुनी आहे. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये रचलेल्या 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' या ग्रंथात वर्गसमीकरण सोडवण्याची रीत आहे. ४अ ने गुणण्याची रीत श्रीधर नावाच्या गणितज्ञाची. त्याचा बीजगणितावरचा ग्रंथ आज मिळत नाही, पण बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ती रीत आपल्या 'बीजगणित' ग्रंथात त्याच्या नावानिशी नोंदवली म्हणून टिकली. धन आणि ऋण दोन्ही संख्यांचा वर्ग धनच असतो, म्हणून ऋण संख्येला वर्गमूळ नाही, हेही भास्कराचार्यांनी स्पष्ट सांगितले आहे.

नवव्या शतकात बगदादला अल्-ख्वारिझ्मी नावाचा गणिती होऊन गेला. ज्याच्या पुस्तकाच्या नावातील 'अल्-जब्र' या शब्दावरून 'अल्जिब्रा' हा शब्द आला, तोच हा. त्याच्या पुस्तकात एक वर्ग आणि २१ मिळून मुळाच्या दहापट होतात, तर मूळ किती, असे उदाहरण आहे. आपल्या भाषेत क्ष² + २१ = १०क्ष. उत्तरे ३ आणि ७. म्हणजे आपला २१ चौरस मीटरचा वाफाच की! त्याने त्याच ठिकाणी सांगून ठेवले आहे, की दहाच्या निम्म्याचा वर्ग दिलेल्या संख्येपेक्षा लहान असेल तर उदाहरण अशक्य आणि बरोबरीचा असेल तर मूळ म्हणजे ते निम्मेच. 'विवेचक' हा शब्द जन्माला येण्यापूर्वी हजार वर्षे त्यातला विचार माणसाच्या हाती होता.

नाव देणारा माणूस

विवेचकाला इंग्रजीत 'डिस्क्रिमिनंट' म्हणतात. हे नाव जेम्स जोसेफ सिल्व्हेस्टर या इंग्रज गणितज्ञाने १८५१ साली दिले. त्याची हकीकत आमच्या वाचकांना मुद्दाम सांगावीशी वाटते. सिल्व्हेस्टर १८१४ साली लंडनला एका ज्यू कुटुंबात जन्मला. केंब्रिज विद्यापीठात १८३७ साली गणिताच्या अंतिम परीक्षेत तो दुसरा आला. पण त्या काळी तेथे पदवी घेण्यासाठी इंग्लंडच्या चर्चच्या धर्मतत्त्वांवर सही करावी लागे. ज्यू असल्यामुळे त्याने ती केली नाही आणि दुसरा येऊनही त्याला पदवी मिळाली नाही. १८४१ साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने त्याला पदवी दिली. पुढे बरीच वर्षे त्याने विमा कंपनीच्या कचेरीत हिशेबाचे काम केले, कायद्याचा अभ्यास केला आणि हे सारे करीत असतानाच गणितात संशोधन चालू ठेवले. 'मॅट्रिक्स' हा गणितातला शब्दही त्याचाच. इंग्लंडात १८७१ साली कायद्याने धर्माची ती अट उठली आणि १८७२ साली केंब्रिजने त्याला पदवी दिली, म्हणजे परीक्षा देऊन पस्तीस वर्षे झाल्यावर.

डिस्क्रिमिनेशन या शब्दाने ज्या माणसांच्या वाट्याला अपमान आला, त्यांच्यापैकीच एकाने गणितात त्याच धातूतून आलेला शब्द रुजवला. गणितात त्याचा अर्थ निवळ 'फरक ओळखणारा' एवढाच आहे. मराठीत आपण विवेचक म्हणतो. हा विवेचक संख्येचे कूळ विचारीत नाही. तीन आकडे घेतो आणि सगळ्यांना एकच नियम लावतो.

मुले कोठे घसरतात?

पहिली जागा: समीकरण नीट मांडून न घेता आकडे उचलणे. उदाहरण पाहा, २क्ष² = ५क्ष + ३. घाईत मुलगा ब = ५, क = ३ धरतो आणि विवेचक २५ − २४ = १ काढतो. चूक! आधी सगळे डावीकडे आणले पाहिजे: २क्ष² − ५क्ष − ३ = ०. आता अ = २, ब = −५, क = −३. विवेचक = २५ + २४ = ४९. वर्गमूळ ७. मुळे (५ + ७) ÷ ४ = ३ आणि (५ − ७) ÷ ४ = −१/२.

दुसरी जागा: चिन्हे. (−५)² म्हणजे २५, उणे पंचवीस नव्हे. आणि क उणे असेल तर −४ × अ × क अधिक होते. यातून एक सोपी खूण मिळते. अ आणि क यांची चिन्हे विरुद्ध असतील, तर विवेचक नेहमी धनच येणार, मुळे वास्तव आणि असमानच असणार. आकडेमोड न करताही हे सांगता येते.

तिसरी जागा: विवेचक शून्य आला की "मूळ शून्य" किंवा "मूळ नाही" असे लिहिणे. विवेचक शून्य म्हणजे दोन मुळांतले अंतर शून्य. मूळ स्वतः शून्य असेलच असे नाही. आपल्या वाफ्यात ते ५ होते.

चौथी जागा: अवयव शोधत बसणे. क्ष² − ४क्ष + २ = ० याचे अवयव मुले पंधरा मिनिटे शोधतात. आधी विवेचक काढा: १६ − ८ = ८. आठ हा पूर्ण वर्ग नाही. सहगुणक साध्या पूर्ण संख्या असताना विवेचक पूर्ण वर्ग नसेल, तर पूर्णांकांचे सोपे अवयव मिळणारच नाहीत. सरळ सूत्र वापरा, उत्तर २ + √२ आणि २ − √२. परीक्षेतली पंधरा मिनिटे वाचली.

पाचवी जागा: "मुळे समान असतील तर म ची किंमत काढा" हा प्रश्न. समजा २क्ष² + मक्ष + ८ = ०. मुळे समान म्हणजे विवेचक शून्य. म² − ६४ = ०, म² = ६४. येथे म = ८ लिहून मुले थांबतात. −८ सुद्धा उत्तर आहे. ते न लिहिल्यास मार्क जातो.

मूळ वास्तव आहे, पण उपयोगाचे आहे का?

विवेचक सगळेच सांगत नाही, हेही लक्षात ठेवावे. समजा, काही घरांनी मिळून १२०० रुपये वर्गणी समान वाटून द्यायचे ठरवले. ऐनवेळी चार घरे गळाली, म्हणून उरलेल्या प्रत्येक घराला १० रुपये जास्त पडले. मुळात घरे किती? घरे क्ष मानून समीकरण मांडले की क्ष² − ४क्ष − ४८० = ० येते. विवेचक = १६ + १९२० = १९३६, वर्गमूळ ४४. मुळे २४ आणि −२०. गणिताच्या दृष्टीने दोन्ही वास्तव, पण उणे वीस घरांची वस्ती कोणी पाहिली आहे? म्हणून उत्तर २४ घरे. पडताळा: २४ घरांना ५० रुपये, २० घरांना ६० रुपये. बरोबर. मुळे आहेत की नाहीत हे विवेचक सांगतो. त्यातले कोणते घ्यायचे, हे प्रश्न वाचून आपण ठरवायचे.

आणि विवेचक उणे आला तर? आधी चिन्हे एकदा तपासा. ती बरोबर असतील तर खोडरबर खाली ठेवा आणि ठळक लिहा: "विवेचक शून्यापेक्षा लहान आहे, म्हणून वास्तव मुळे नाहीत." हे पूर्ण आणि बरोबर उत्तर आहे. 'वास्तव' हा शब्द मात्र गाळू नका. इटलीच्या कार्दानोने १५४५ सालच्या आपल्या ग्रंथात १० चे असे दोन भाग मागितले, की त्यांचा गुणाकार ४० येईल. आपल्या तारेत ४० चौरस मीटरचा वाफा मागण्यासारखेच हे. विवेचक १०० − १६० = −६०. तरी त्याने उणे संख्येचे वर्गमूळ तसेच ठेवून गणित पुढे नेले, मात्र हे निरुपयोगी आहे असे त्याचे स्वतःचेच मत पडले. पुढे अशाच संख्यांतून संमिश्र संख्यांचे शास्त्र उभे राहिले आणि आज विजेच्या मंडलांचे गणित त्यांच्या आधारे केले जाते. दहावीनंतर जी मुले विज्ञान किंवा इंजिनिअरिंगकडे जातील, त्यांची या संख्यांशी भेट होईल.

घरी सोडवण्यासाठी

विवेचक काढून मुळांचे स्वरूप सांगा. उत्तरे खाली आहेत, पण ती हाताने झाकून आधी सोडवा.

१) क्ष² + ६क्ष + ९ = ०
२) ३क्ष² − २क्ष + १ = ०
३) २क्ष² + क्ष = १०
४) २८ मीटर तारेत ५० चौरस मीटरचा आयताकृती वाफा होईल का?

उत्तरे: १) विवेचक ०, मुळे समान, −३ आणि −३. २) विवेचक −८, वास्तव मुळे नाहीत. ३) विवेचक ८१, मुळे २ आणि −५/२. ४) विवेचक १९६ − २०० = −४, होणार नाही. जास्तीत जास्त ४९ चौरस मीटर, ७ बाय ७.

ज्या मातांना शाळा पाहायला मिळाली नाही, त्यांच्यासाठी शेवटी एक काम. मुलगा किंवा मुलगी वर्गसमीकरण सोडवायला बसली की एवढेच विचारा: "विवेचक किती आला, आणि तो काय म्हणतो?" उत्तर तुम्हाला तपासता आले नाही तरी चालेल. ते तुम्हाला समजेल अशा शब्दांत सांगताना मुलाच्या डोक्यात गणित पक्के बसेल. सांगता सांगता तो अडखळला, तर कोठे कच्चे आहे हे त्याचे त्यालाच कळेल. मग ती ओळ पुन्हा करायला लावा.